नव्या गाडीतील कूलंट कमी होत आहे, पण गळती कुठेच दिसत नाही

नवी_चाके:
गाडी घेऊन अजून वर्ष झालेले नाही. टर्बो असलेले लहान पेट्रोल इंजिन आहे आणि गाडी रोज चालते. मध्यंतरी सहज बोनेट उघडले, तेव्हा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली दिसली. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवल्यावर त्यांनी टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून दिली आणि ‘नव्या गाडीत थोडे कमी होतेच’ असे सांगितले. त्यानंतर पातळी पुन्हा हळूहळू उतरू लागली आहे. जमिनीवर डाग नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, तापमानाचा काटा कायम मध्यावर असतो आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ दिसते. एक थेंबही दिसत नसताना कूलंट जाते कुठे, आणि शोध घ्यायचा तर तो कोणत्या क्रमाने घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

सावकाश:
पातळी एकदाच उतरली असती, तर निश्चिंत राहा असे मी म्हटले असते. कारखान्यात ही यंत्रणा आधी निर्वात करून मग भरतात, तरीही हीटरकडे जाणाऱ्या नळ्यांसारख्या उंच किंवा वळणाच्या जागी थोडी हवा अडकून राहू शकते. इंजिन अनेकदा तापून थंड झाले की ती हवा टाकीत येते, तिची जागा कूलंट घेते आणि पातळी खाली जाते. परंतु अडकलेली हवा एकदाच निघते. भरून दिल्यानंतर पुन्हा तितकीच घट होत असेल, तर हे कारण मागे पडते.

निवांत:
सर्व्हिस सेंटरच्या शब्दकोशात ‘असे होतेच’ या वाक्याचा अर्थ ‘वॉरंटी संपल्यावर या’ असा दिलेला असतो.

पाना_बावीस:
निवांत यांचा विनोद बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. मी बरीच वर्षे गाड्यांचे काम केले आहे, आणि अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी नीट मोजमाप केल्याबरोबर विरून जातात. म्हणून गळती शोधण्याआधी ती खरोखर आहे का, हे ठरवा. टाकीवर कागदी चिकटपट्टी लावून आजच्या पातळीला पेनाने रेघ मारा. त्यानंतर प्रत्येक वेळी गाडी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी असताना आणि रात्रभर थंड झालेली असतानाच पाहा. टाकी अरुंद असली आणि गाडी जराशा उतारावर असली, तरी पातळी बोटभर वरखाली दिसते. रेघेशेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा, शिवाय किलोमीटरचा आकडा आणि टाकी दोन्हींचे फोटो ठेवा. वॉरंटीच्या कामात या फोटोंचा उपयोग होतो.

हे झाल्यावर पातळी खरोखरच उतरत असेल, तर मग शोध सुरू करायचा. जमिनीवर थेंब नाही म्हणजे बाहेर गळती नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नका. आजकालच्या गाड्यांच्या पोटाखाली प्लास्टिकचे मोठे आवरण असते आणि आवाज कमी करण्यासाठी त्यावर पुष्कळदा नमद्यासारखा थर असतो. तो थर कूलंट शोषून घेतो. शिवाय तापलेल्या टर्बोवर किंवा सायलेन्सरच्या नळीवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, त्याची जागच्या जागी वाफ होते आणि मागे फक्त रंगीत पापुद्रा उरतो. त्यामुळे जमिनीकडे पाहण्यापेक्षा टॉर्च घेऊन जोडांवर तो पापुद्रा शोधा.

शंकेखोर:
पाना_बावीस, मोजमापाचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर इतका वेळ घालवणे मला पटत नाही. ही बंद आणि दाबाखालची यंत्रणा आहे. तिच्यातून काहीही कमी होण्याचे कारण नाही. दोनदा खाली गेली म्हणजे दोष आहे, आणि तो शोधणे ग्राहकाचे काम नाही. सरळ लेखी तक्रार द्यावी.

रसायनी:
दोघांच्याही मधला एक मुद्दा मांडते. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल (गोठण रोखणारे रसायन) यांचे मिश्रण. त्यांच्या समसमान मिश्रणाचे आकारमान साधारण हवेच्या तापमानाला दर अंशाला, दर लिटरमागे सुमारे अर्धा मिलिलिटर बदलते. यंत्रणेत सहा लिटर कूलंट आहे असे धरले, तर दर अंशाला सुमारे तीन मिलिलिटर. एका सकाळी हवा 30 अंशांवर असताना मारलेली रेघ आणि 15 अंशांच्या सकाळी दिसणारी पातळी यांत केवळ थंडीमुळे सुमारे 45 मिलिलिटरचा फरक पडेल, आणि निमुळत्या टाकीत तो डोळ्यांना सहज जाणवेल. इंजिन पूर्ण तापते तेव्हा तर हीच वाढ साधारण पाव लिटरच्या घरात जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गरम असताना टाकी भरली आणि आपण ती थंड असताना पाहिली, तर ‘नाहीसे झालेले’ कूलंट मुळात भरलेलेच नव्हते, असेही असू शकते. म्हणून रेघेशेजारी त्या वेळचे हवेचे तापमानही लिहावे. शंकेखोर यांचे म्हणणे खरे आहे, यंत्रणा बंदच असते, पण तिच्यातील द्रव आकसतो आणि फुगतो.

डिझेलदादा:
आमच्या डिझेल गाडीत अगदी हेच झाले होते. बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, काटा मध्यावर. शेवटी ईजीआर कूलर आतून फुटलेला निघाला. सायलेन्सरमधून निघालेले काही वायू पुन्हा इंजिनात सोडण्याआधी तिथे कूलंटने थंड केले जातात. त्याच्या आतल्या भिंतीला चीर गेली की कूलंट थेट त्या वायूंत मिसळते आणि वाफ होऊन निघून जाते. पांढरा धूर दिसेलच असे नाही, कारण गळती थोडी असेल तर इतक्या गरम वायूत ती लपून जाते. गाडी घेताना याविषयी कोणी बोलत नाही!

नवी_चाके:
डिझेलदादा, माझी गाडी पेट्रोलवर चालते. तिच्यातही असा कूलर असू शकतो का?

डिझेलदादा:
काही पेट्रोल इंजिनांत असतो, काहींत नसतो. सर्व्हिस सेंटरला इंजिनाचा प्रकार सांगून विचारा.

शंकेखोर:
कूलंट आतून जात असण्याची शक्यता निघालीच आहे, तर हेड गॅस्केटचे, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचे, नाव घ्यायला संकोच कशाला? नव्या गाडीतही गॅस्केट बसवताना किंवा हेडचे बोल्ट आवळताना चूक राहू शकते.

पाना_बावीस:
संकोच नाही, पण क्रमाने जाऊ. हेड गॅस्केट गेले असेल तर इंजिन चालू असताना सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये घुसतात, कारण ज्वलनाचा दाब कूलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे टाकीत सतत बुडबुडे दिसतात किंवा इंजिन सुरू केल्यावर, ते तापण्याआधीच, वरची नळी टणक होते. गाडी बंद केल्यावर उलटे घडते आणि उरलेल्या दाबाने कूलंट सिलिंडरमध्ये पाझरते. म्हणून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन क्षणभर अडखळते आणि थोडा पांढरा धूर निघतो. केवळ ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून घाबरू नये. जवळच्या फेऱ्या होत असतील तर हवेतल्या ओलाव्यानेही तो जमतो.

खात्री करायची असेल तर टाकीतील हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेण्याची चाचणी असते. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. चाचणीआधी टाकीतील थोडे कूलंट काढून घ्यावे लागते, नाहीतर तेच नळीत ओढले जाऊन चाचणी वाया जाते. पेट्रोल गाडीत ही चाचणी बरीच भरवशाची आहे. डिझेलमध्ये नुसत्या चालू इंजिनाच्या धुरात हा वायू कमी असतो, त्यामुळे तिथे केवळ हिच्यावर विसंबू नये.

रसायनी:
त्या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू असते. ते आम्लता वाढली की निळ्याचे पिवळे होते.

आणखी एक उपाय आहे, तो फारसा कोणी करत नाही. इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. कूलंटमधील गंजरोधकांत सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार असतात. ऑइलमध्ये यांचे प्रमाण वाढलेले आढळले, तर डोळ्यांना ऑइल स्वच्छ दिसत असतानाही कूलंट आत शिरत आहे असा संशय धरता येतो. शिवाय रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वळतो यावरून मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) ग्लायकॉलचे प्रमाण पाहावे. कूलंट द्रवरूपात गळत असेल तर उरलेल्या मिश्रणाचे प्रमाण तेच राहील. झाकणातून वाफेच्या रूपाने जात असेल तर मुख्यतः पाणी जाईल आणि ग्लायकॉलचे प्रमाण वाढेल.

पाना_बावीस:
रसायनीताई, तत्त्व बरोबर आहे, पण व्यवहारात हा फरक हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरवर दिसणे कठीण आहे. सहा लिटरमधून दीडशे मिलिलिटर पाणी गेले, तर पन्नास टक्क्यांचे एक्कावन्न टक्के होतील. तेवढा फरक वाचणाऱ्याच्या नजरेचाही असू शकतो. शिवाय मधल्या काळात कोणी नुसते पाणी ओतले असेल तर सगळाच हिशेब बिघडतो.

रसायनी:
एका वाचनात फरक दिसणार नाही, हे मान्य आहे. पण दर वेळी केवळ शुद्ध पाण्याने टाकी भरत गेले आणि अनेक वेळा भरूनही ग्लायकॉलचे प्रमाण उतरले नाही, तर फक्त पाणीच जात होते असे म्हणता येईल. अर्थात, नव्या गाडीत असा प्रयोग करायला मी सुचवणार नाही.

घाई_नको:
इतकी चर्चा कशासाठी? गळती बुजवणारे द्रव बाटलीत मिळते, ते टाकीत ओतावे आणि मोकळे व्हावे.

पाना_बावीस:
नव्या गाडीत हे मुळीच करू नका. ते द्रव बारीक चीर बुजवते तसेच हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. पुढे वॉरंटीत तपासणी झाली तर ‘बाहेरचे द्रव ओतले होते’ हे कारण त्यांच्या हाती आयते मिळते. जुन्या गाडीत, दूरच्या प्रवासात, दुसरा इलाज नसताना त्याचा विचार होऊ शकतो.

घाई_नको:
बरे, बाटली ठेवून देतो.

दोन_टाक्या:
आमच्या हायब्रिड गाडीत कूलंटच्या दोन टाक्या आहेत. एक इंजिनासाठी आणि दुसरी बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरसाठी. सर्व्हिस करणाऱ्या मुलाने एकीत भरले, फोटो दुसरीचा काढला आणि आम्ही कितीतरी दिवस भलत्याच टाकीकडे पाहत राहिलो. टर्बो गाड्यांतही काही वेळा टर्बोतील हवा थंड करण्यासाठी वेगळी यंत्रणा आणि वेगळी टाकी असते. नवी_चाके यांनी आपण कोणती टाकी पाहतो आहोत, हे एकदा गाडीच्या पुस्तिकेत तपासावे.

नवी_चाके:
माझ्या गाडीत एकच टाकी आहे, पुस्तिकेत पाहून खात्री केली. सगळ्यांनी सुचवल्याप्रमाणे रेघ मारून, तापमान लिहून काही आठवडे निरीक्षण केले. हवा जवळपास सारखीच असताना पातळी रेघेच्या खाली गेली आहे, म्हणजे घट खरी आहे. एक गोष्ट नव्याने लक्षात आली. रात्री गाडी थंड झाल्यावर सकाळी सुरू केली की पहिली काही मिनिटे बोनेटजवळ गोडसर वास येतो आणि पुढे तो जातो. सर्व्हिस सेंटरने या वेळी प्रेशर टेस्ट केली. गाडी तिथे पोहोचल्याबरोबर, गरम असतानाच, थोडा वेळ दाब देऊन पाहिला. दाब उतरला नाही, म्हणून गळती नाही असे लिहून दिले.

पाना_बावीस:
तुमच्या वर्णनातील ‘गरम असतानाच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळ गळत्या फक्त थंडपणी होतात. प्लास्टिकचा जोड, रबराची नळी, आतले रबरी कडे आणि ॲल्युमिनिअमचे तोंड या सगळ्यांचे तापल्यावर फुगण्याचे प्रमाण वेगवेगळे असते. गरम असताना जोड घट्ट बसतो, थंड झाल्यावर आकसून बारीक फट पडते. त्यातून निघालेले चार थेंब सकाळी इंजिन तापताना वाफ होतात आणि तुम्हाला तो गोडसर वास येतो. तुमची लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. याच कारणासाठी कारखान्यात नळ्यांवर स्प्रिंगच्या क्लिपा लावतात, कारण त्या नळीबरोबर आकसतात आणि दाब कायम ठेवतात. एखाद्या फिटरने त्या काढून स्क्रूच्या क्लिपा लावायला सांगितले तर ऐकू नका.

आता सर्व्हिस सेंटरला लेखी विनंती करा की गाडी रात्रभर त्यांच्याकडे थंड होऊ द्यावी, सकाळी इंजिन सुरू न करता झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यावा आणि तो तासभर तरी तसाच ठेवावा. झाकणाचीही वेगळी चाचणी करावी. बहुतेक गाड्यांत हा दाब 1 ते 1.4 बारच्या आसपास असतो. झाकणावरच्या आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नये, नाहीतर धडधाकट जोडही फुटायचा. खालचे प्लास्टिकचे आवरण काढूनच तपासणी व्हायला हवी. वॉटर पंपाच्या खालचे पाझर छिद्र, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या कवचाची शिवण, टर्बोला जाणाऱ्या बारीक नळ्यांचे जोड आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या डोक्यांची कड या जागा डोळ्यांनी पाहाव्यात. त्यानेही काही सापडले नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून अतिनील दिव्याखाली पाहता येते, पण तो रंग त्यांनीच टाकावा.

शंकेखोर:
आणि ही विनंती जॉब कार्डवर लिहून घ्या. ‘कूलंट तपासले’ असे मोघम वाक्य स्वीकारू नका. किती मिलिलिटर भरले, कोणता दाब दिला, किती वेळ दिला, इंजिन थंड होते की गरम, हे सगळे लिहिलेले असावे. ग्राहकाने दोष शोधू नये असे मी आधी म्हणालो होतो, आजही म्हणतो. पण दोष शोधायला लावण्यासाठी कागद लागतोच.

कुत्रामांजर:
थोडे विषयांतर करते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलची चव गोड असते आणि कुत्र्यामांजरांना त्याचे अगदी थोडे प्रमाणही मूत्रपिंडे निकामी करून मारू शकते. मुलांनाही धोका आहे. शोध घेताना सांडलेले कूलंट लगेच पुसून धुऊन टाकावे आणि उरलेली बाटली उघडी ठेवू नये.

पाना_बावीस:
हे विषयांतर नव्हे, आवश्यक सूचना आहे. तिच्या जोडीला दुसरीही लक्षात ठेवा. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचे झाकण उघडू नये. समसमान मिश्रण मोकळ्या हवेत 107 अंशांच्या आसपास उकळते, आणि एक बार जादा दाबाखाली तेच 125 अंशांच्या पुढेही द्रव राहते. झाकण फिरवताच तो दाब जातो आणि उकळते कूलंट तोंडावर उसळते.

सावकाश:
काट्याविषयी कोणीच बोलले नाही. ‘काटा कायम मध्यावर’ या गोष्टीवर फार विसंबू नये. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच मधल्या मोठ्या टप्प्यात स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे चालकाला उगाच काळजी वाटू नये. आणि पातळी फारच खाली जाऊन तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी हवेत आला, तर तो खरे तापमान सांगतच नाही. काट्याकडे पाहत बसण्यापेक्षा टाकी पाहणे बरे.

नवी_चाके:
कळवायला उशीर झाला, क्षमस्व. जॉब कार्डवर शंकेखोर यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे लिहून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी थंड असताना दाब दिला, तो सुरुवातीला टिकला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. खालचे आवरण काढल्यावर त्यावरचा नमद्याचा थर एका कोपऱ्यात ओला आणि चिकट निघाला. वर शोधत गेल्यावर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या जोडावर गुलाबी पापुद्रा आढळला. जोड उघडला तेव्हा आतले रबरी कडे पिळलेले होते. कारखान्यात जोड बसवताना ते सरकले असावे, असे तिथल्या तंत्रज्ञाचे मत पडले. नळी जोडासकट वॉरंटीत बदलून दिली आणि यंत्रणा निर्वात करून पुन्हा भरली. हेड गॅस्केटसाठी निळ्या द्रवाची चाचणीही मी करून घेतली. रंग बदलला नाही.

डिझेलदादा:
अभिनंदन. आमच्या कूलरपेक्षा तुमचे कडे कितीतरी स्वस्तात सुटले.

शंकेखोर:
अभिनंदन लगेच नको. एक गळती सापडली म्हणजे ती एकच होती असे सिद्ध होत नाही. नवी रेघ मारा आणि पुन्हा पाहा.

नवी_चाके:
रेघ मारलीच आहे. दुरुस्तीनंतर पातळी सुरुवातीला किंचित उतरली आणि मग थांबली. सावकाश यांनी म्हटलेली अडकलेली हवा ती हीच असावी. सकाळचा वासही आता येत नाही. पुढच्या सर्व्हिसपर्यंत रेघ तशीच ठेवणार आहे.

धुके_काचेवर:
हा धागा वाचून आमच्याही गाडीची शंका आली. आमच्या गाडीत बाहेर काहीच दिसत नाही, पण हीटर लावला की पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके जमते आणि चालकाशेजारच्या आसनापुढचा गालिचा दमट लागतो. एसीचे पाणी असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष करत आलो.

पाना_बावीस:
एसीचे पाणी नुसते पाणी असते. ते बोटांना बुळबुळीत लागत नाही आणि त्याला वास नसतो. काचेवरचा थर कोरड्या फडक्याने पुसून जात नसेल, फडके चिकट होत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा जोड पाझरतो आहे असे समजा. गालिच्याखाली पांढरा कागद दाबून पाहा. कूलंटचा रंग त्यावर उमटला तर गाडी लवकर दाखवा, कारण ती वाफ तुम्ही श्वासातून घेत आहात आणि दमट गालिच्याखालून जाणाऱ्या तारांचे जोडही गंजतात. तोवर टाकीला चिकटपट्टी लावून रेघ मारायला आजच सुरुवात करा, आणि गाडीचा प्रकार व कूलंटचा रंग इथे लिहा, म्हणजे पुढचे सांगता येईल.